मित्रांचा ट्रॅक : वर्धा जिल्ह्यातील हौशी इलेक्ट्रॉनिक संगीत आणि इतिहासाची साधने

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्याचा आधुनिक इतिहास लिहिताना अभ्यासकाची लेखणी साहजिकच सेवाग्राम आणि पवनार यांच्याकडे वळते. १९३६ मध्ये महात्मा गांधी सेगाव येथे वास्तव्यास आले आणि त्या एका घटनेने या जिल्ह्याला राष्ट्रीय इतिहासात कायमचे स्थान मिळवून दिले. संगीताच्या बाबतीतही हेच घडले आहे. वर्ध्याचे संगीत म्हटले की आश्रमातील सायंप्रार्थना आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी या दोन गोष्टींपलीकडे आपली संदर्भसूची सहसा जात नाही. या दोहोंचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि आज वर्धा, हिंगणघाट, पुलगाव किंवा आर्वी येथील रस्त्यावर लग्नाच्या वरातीत, गणेश विसर्जनाच्या किंवा १४ एप्रिलच्या मिरवणुकीत जे संगीत ऐकू येते, त्याचा मोठा भाग याच जिल्ह्यातील तरुणांनी घरातल्या संगणकावर तयार केलेला असतो. या संगीताची नोंद कोणत्याही गॅझेटियरमध्ये नाही, कोणत्याही ग्रंथालयात त्याची प्रत नाही, आणि ते घडविणाऱ्यांची नावे दहा वर्षांनी सांगता येतील असा एकही कागद आपल्यापाशी नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय या संगीतापैकी एका विशिष्ट प्रकारापुरता मर्यादित आहे. आवडत्या संगीतकाराच्या किंवा गायकाच्या गीतावरील प्रेमापोटी, विक्रीचा हेतू न ठेवता, मूळ गीताचा सूर अथवा एखादा तुकडा घेऊन त्याभोवती नवी लय आणि नवा नाद उभा करणे, आणि ही रचना दोन किंवा अधिक मित्रांनी मिळून पूर्ण करणे, असा हा प्रकार आहे. सोयीसाठी त्यास 'चाहत्यांचा ट्रॅक' म्हटले आहे. अशा रचनेत ऐतिहासिकदृष्ट्या विचारात घ्यावयाचा घटक यंत्र नसून मैत्री आहे, आणि त्या मैत्रीचा लेखी पुरावा संगणकातील एका नाशवंत फाइलमध्ये असतो, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

चालीवर बांधण्याची परंपरा

दुसऱ्याच्या सुरावर आपले गीत उभे करणे ही गोष्ट संगणकाने आणलेली नाही. विदर्भातील भुलाबाईच्या गाण्यांत जुन्या चालीवर नवे शब्द बसविण्याचे काम मुलींनी पिढ्यान्‌पिढ्या केले. आंबेडकरी जलशांपासून वामनदादा कर्डकांपर्यंत (१९२२–२००४) आणि त्यानंतरच्या असंख्य अनाम गायनमंडळांपर्यंत भीमगीतांनी लोकगीत, कव्वाली आणि चित्रपटगीत यांच्या चाली निःसंकोचपणे स्वीकारल्या. 'अमुक गाण्याच्या चालीवर' अशी ओळ वहीत गीताच्या शिरोभागी लिहिलेली असे. ती ओळ ही एका अर्थी ऋणाची कबुलीच होय. आजच्या ट्रॅकच्या नावापुढे 'रिमिक्स' असा शब्द लिहिणाऱ्या तरुणाची आणि वहीतील त्या ओळीची जात एकच आहे.

वाद्यांच्या बाबतीतही हीच वृत्ती दिसते. हार्मोनियम हे मूळचे युरोपीय वाद्य. १९४० मध्ये आकाशवाणीने त्यास अभारतीय ठरवून बंदी घातली, ती १९७१ मध्ये अंशतः उठली. या तीस वर्षांच्या काळात खेड्यापाड्यांतील भजनी मंडळांनी मात्र पेटी क्षणभरही खाली ठेवली नाही. आकाशवाणीच्या तज्ज्ञांना जे पटले नाही ते भजनी मंडळांना विनातक्रार पटले होते, हे नमूद करण्याचा मोह आवरत नाही. दुसरे उदाहरण बेंजोचे. १९१२ मध्ये जपानमधील नागोया येथे मोरिता गोरो यांनी 'ताइशोगोतो' नावाचे कळा असलेले तंतुवाद्य तयार केले. ते भारतात बुलबुलतरंग म्हणून रुळले आणि महाराष्ट्रात त्याला बेंजो हे नाव मिळाले. पुढे त्याला विद्युत ध्वनिग्राहक जोडून कर्ण्यावर वाजविण्यात येऊ लागले आणि वरातींसाठी 'बेंजो पार्टी' नावाची संस्था उदयास आली. महाराष्ट्राच्या रस्त्यावर विजेचे संगीत आणणारे हे आरंभीचे वाद्य होते, असे म्हणण्यास हरकत नाही. बेंजो, ढोलकी, ताशा, पुढे ऑक्टोपॅड आणि कॅसिओ, असा पाच-सात जणांचा हा मेळ असे. तो बहुधा एकाच मोहल्ल्यातील मित्रांचा किंवा भावकीतील मुलांचा असे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. भजनी मंडळ असो की बेंजो पार्टी, एकत्र येणे ही त्यांची गरज होती. एकट्याने पेटी, मृदंग आणि टाळ वाजविता येत नाहीत. त्यामुळे तेथे 'आपण दोघांनी मिळून काही करावे' असा वेगळा निर्णय कुणालाच घ्यावा लागला नाही. संगणकाने नेमकी हीच गरज नाहीशी केली.

कॅसेटच्या युगाचा येथे ओझरता उल्लेख पुरेसा आहे. १९८० च्या दशकात टी-सीरीज व तत्सम कंपन्यांनी जुन्या गीतांच्या नव्या आवृत्त्या काढून बाजार काबीज केला. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार कायद्यातील कलम ५२ (१) (ञ) ने नोटीस व स्वामित्वधन देऊन असे 'व्हर्जन' काढण्याची मुभा दिली होती. पीटर मॅन्युएल यांच्या १९९३ मधील 'कॅसेट कल्चर' या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात या घडामोडींचा साक्षेपी आढावा आहे. मात्र हा व्यापार होता. चाहत्याचे प्रेम त्यात ग्राहकाच्या रूपाने होते, कर्त्याच्या रूपाने नव्हते.

एकटा कलावंत आणि तीन मित्र

भारतातील इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास सांगताना हल्ली दोन घटनांचा आवर्जून उल्लेख होतो. त्यांपैकी एक अहमदाबादची. गीता साराभाई यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तेथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसविला आणि पुढील तीन वर्षे आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा प्रभृतींनी त्यावर प्रयोग केले. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक या प्रयोगांची वार्ता कुणाला नव्हती. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताला संस्थेच्या दप्तरखान्यात मूळ ध्वनिफिती मिळाल्या आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचना प्रकाशित झाल्या. फिती एका संस्थेच्या कपाटात होत्या म्हणून वाचल्या. इतिहासाच्या अभ्यासकास यापेक्षा अधिक बोलकी घटना क्वचितच सापडेल.

दुसरी घटना मुंबईची आणि आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. चित्रपटसृष्टीच्या वाद्यवृंदात वाजविणारे चरणजितसिंग यांनी १९८२ मध्ये दहा रागांवर आधारित एक ध्वनिमुद्रिका काढली. रोलँड कंपनीचे ज्युपिटर-८ हे सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जातील स्वरांचे यंत्र, या तिघांना जोडून त्यांनी डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजविले. ध्वनिमुद्रिका खपली नाही आणि विस्मृतीत गेली. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला तिची एक प्रत दिल्लीत सापडली आणि २०१० मध्ये त्यांनी ती पुन्हा प्रकाशित केली. तेव्हा जगभरच्या जाणकारांना धक्का बसला, कारण हे संगीत शिकागोत पुढे जन्मलेल्या 'अ‍ॅसिड हाउस' या प्रकाराशी विलक्षण मिळतेजुळते होते. उतारवयात चरणजितसिंगांना युरोपात कार्यक्रम करण्याचा मान मिळाला. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

आता शिकागोकडे पाहू. तेथे डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे या तीन मित्रांनी 'फ्यूचर' नावाचा गट स्थापन केला. त्यांच्या हाती तेच टीबी-३०३ यंत्र लागले. १९८१ मध्ये बाजारात आलेले हे यंत्र अपयशी ठरून १९८४ पर्यंत बंदही झाले होते आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळत होते. त्याच्या कळा फिरविता फिरविता निघालेला विचित्र आवाज त्यांनी फितीवर घेतला आणि रॉन हार्डी या डीजेला नेऊन दिला. त्याने तो आपल्या नृत्यगृहात वाजविला, श्रोत्यांनी तो उचलून धरला, आणि १९८७ मध्ये ती रचना 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' या नावाने प्रकाशित झाली. तिच्या मागे एक संपूर्ण संगीतप्रकार उभा राहिला.

दोन्हीकडे यंत्र एकच होते. चरणजितसिंग पाच वर्षे आधी होते आणि संगीताच्या ज्ञानात तर ते त्या तीन तरुणांच्या कितीतरी पुढे होते. तरीही परंपरा त्यांच्यापासून सुरू झाली नाही. याचे कारण 'भारतात लोकांना कळले नाही' असे सांगण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखकास ते अपुरे वाटते. मुंबईत ते यंत्र घेऊन बसलेला कलावंत एकटा होता. त्याच्या ध्वनिमुद्रिकेभोवती ती ऐकून दुसरी बनविणारे मित्र नव्हते, आणि ती रात्रभर वाजेल असे अंगणही नव्हते. शिकागोत आधी मित्र होते, मग यंत्र आले, आणि मग अंगण मिळाले. संगीतप्रकार जन्माला येण्यास प्रतिभेइतकीच सोबतीचीही आवश्यकता असते, हे या तुलनेवरून दिसून येते. वर्धा जिल्ह्यातील हौशी कलावंतांचा अभ्यास याच दृष्टीने व्हावयास हवा.

वर्ध्याचे अंगण

जगात इतरत्र इलेक्ट्रॉनिक संगीताचे अंगण म्हणजे क्लब आणि मद्यगृह. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. बंदीची अंमलबजावणी कशी आहे हा निराळा विषय, परंतु परवानाधारक मद्यगृह आणि त्याच्या आश्रयाने चालणारे नृत्यगृह येथे रुजू शकले नाही, हे उघड आहे. परिणामी यांत्रिक ठेक्याचे हे संगीत येथे आले ते थेट रस्त्यावर, आणि आले ते लग्न, उत्सव व जयंती यांच्या आश्रयाने. गांधींच्या जिल्ह्यातील दारूबंदीने डीजेला वरातीत आणून उभे केले, हे विधान विनोदी वाटले तरी तपासून पाहण्याजोगे आहे.

संगणकाचा प्रवेश साधारणतः २००० नंतरचा. बेल्जियममधील इमेज-लाइन या कंपनीने १९९७ मध्ये 'फ्रूटीलूप्स' ही संगणकप्रणाली आणली, तीच पुढे 'एफएल स्टुडिओ' म्हणून प्रसिद्ध झाली. तालाच्या चौकोनी खाचा, त्यांवर टिचकी मारली की ठोका पडतो, अशी तिची सोपी रचना. स्वरलिपी न येणाऱ्यालाही ठेका बांधता येऊ लागला. विकत घेऊन वापरणारे विरळाच होते, सीडीवरून एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या अनधिकृत प्रतींवरच हे सर्व शिक्षण झाले, हे लपविण्यात अर्थ नाही. जुळवणी केलेला संगणक, कुणाच्या तरी मावसभावाने दिलेली सीडी, आणि २००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात वीज कधी जाईल याचा नेम नसल्याने दर पाच मिनिटांनी फाइल जतन करण्याची सवय, हे या पिढीचे गुरुकुल. तयार गाणी मोबाइल दुकानांतून मेमरी कार्डात भरून घेतली जात. २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर डेटा स्वस्त झाला आणि दुकानांची ती मध्यस्थी संपली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'सैराट' प्रदर्शित झाला. अजय-अतुल यांनी त्यातील संगीताचा काही भाग लॉस एंजेलिस येथे पाश्चात्त्य सिंफनी वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केला होता. 'झिंगाट' हे गीत महाराष्ट्रातील बहुधा प्रत्येक डीजेने आपापल्या परीने पुन्हा बांधले. हॉलीवूडच्या ध्वनिमंदिरात घडलेला नाद पंधरवड्याच्या आत एखाद्या गावातील मुलाच्या संगणकावर चिरला जाऊन त्याखाली नवा ठेका बसावा, हे सांस्कृतिक इतिहासाच्या दृष्टीने साधे प्रकरण नव्हे.

या रचनांत एक विशेष आढळतो. दर अर्ध्या मिनिटाने कुणीतरी भारदस्त आवाजात डीजेचे नाव उच्चारते. परक्या श्रोत्यास हा रसभंग वाटतो. परंतु ज्या संगीताला वेष्टण नाही, त्यावर कर्त्याचे नाव लिहावयाचे तरी कोठे? ते नादातच मिसळावे लागते, म्हणजे चोरणाऱ्यास काढता येत नाही. आपल्या संतकवींनी हेच केले. अभंगाच्या शेवटच्या चरणातील नाममुद्रा रचनेत अशी विणलेली असते की ती उपटली तर छंद मोडतो. तुकडोजी महाराजांच्या भजनांत 'तुकड्यादास' हे नाव येते ते याच परंपरेने. मौखिक प्रसाराच्या संस्कृतीत कर्तृत्व टिकविण्याचा हा सिद्ध मार्ग आहे, आणि वर्ध्याच्या डीजेने तो कुणी न शिकविता पुन्हा शोधून काढला. तथापि नाममुद्रेत बहुधा एकाच नावाला जागा असते. मग दोन मित्रांनी मिळून रचना केली तर मुद्रा कुणाची?

एका ट्रॅकची हकीकत

प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील दोन माजी विद्यार्थ्यांची हकीकत येथे उपयोगी पडेल. त्यांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत. एक देवळी तालुक्यातील खेड्यातला, लहानपणापासून भजनी मंडळात खंजिरी आणि ढोलकी वाजविणारा. दुसरा वर्धा शहरातला, संगणकात तरबेज. अकरावीपासूनची मैत्री. दोघेही अजय-अतुल यांचे निस्सीम चाहते. २०१६ मध्ये दोघांनीही 'सैराट'च्या गीतांवर आपापले स्वतंत्र ट्रॅक केले आणि एकमेकांना ऐकविले. 'आता एक मिळून करू' हे त्याच वर्षी ठरले. ते प्रत्यक्षात आले २०२१ च्या पावसाळ्यात.

पाच वर्षे का लागली? विचारले तर दोघेही तांत्रिक कारणे सांगतात. एकाची प्रणाली संगणकावर, दुसऱ्याची मोबाइलवर, एकाने पाठविलेली फाइल दुसऱ्याकडे उघडत नसे. पेनड्राइव्हवरून नेली तर निम्मे आवाज गहाळ झालेले असत. लग्नसराईत वेळ नसे, परीक्षेच्या दिवसांत घरचे रागावत. ही सर्व कारणे खरी आहेत. पण अधिक बोलल्यावर आणखी एक कारण पुढे आले. दोघे दोन वेगवेगळ्या डीजे संचांसाठी काम करीत आणि प्रत्येकाच्या नावाला आपापल्या भागात थोडीफार किंमत आली होती. एकत्र ट्रॅक करावयाचा तर नाव कुणाचे उच्चारावयाचे, आणि मिरवणुकीत तो आधी कोणत्या संचावर वाजावयाचा, हा प्रश्न होता. तो बोलून दाखविणे मैत्रीत अवघड होते. तेव्हा दोघांनीही तो तंत्राच्या माथी मारला.

२०२० च्या टाळेबंदीत मिरवणुका बंद झाल्या, लग्ने पन्नास माणसांत उरकू लागली, डीजेचे संच गोदामात पडून राहिले. ज्या व्यवसायामुळे दोघे वेगळे राहिले होते तो व्यवसायच थांबला. देवळीकडील मित्राने घराच्या माळवदावर बसून मोबाइलवर खंजिरीचे ठोके ध्वनिमुद्रित केले आणि पाठविले. दुसऱ्याने ते संगणकावर घेऊन त्यांची लय मोजली, तर ती यंत्रासारखी सरळ नव्हती. भजनात गती हळूहळू चढत जाते, तशी ती चढत होती. संगणकाची सवय अशी की चुकलेला ठोका खाचेत ओढून बसवावयाचा. त्याने तसे केले आणि ट्रॅक निर्जीव झाला, असे खंजिरीवाल्या मित्राचे मत पडले. यावर दोघांचे आठ-दहा दिवस बोलणे बंद होते. अखेर तोडगा निघाला तो असा की ठोके सरळ करावयाचे नाहीत, उलट संपूर्ण ट्रॅकची गतीच खंजिरीच्या मागोमाग वाढवीत न्यायची. पहिल्या दीड मिनिटात मूळ गीताची केवळ सुरावट, मग खंजिरी, आणि नंतर यांत्रिक ठेका, तोही खंजिरीच्या चढत्या लयीत. प्रस्तुत लेखकास संगीतशास्त्राचा अधिकार नाही, परंतु ऐकताना हा भाग इतर ट्रॅकपेक्षा वेगळा जाणवतो एवढे निश्चित. दोघांपैकी कोणत्याही एकाने तो तसा केला नसता, हे त्यांचे स्वतःचे म्हणणे आहे. ट्रॅकमध्ये नाव कुणाचेच उच्चारलेले नाही.

ही एकाकी घटना नव्हे. आपल्या भाषेतील इलेक्ट्रॉनिक संगीताला अलीकडे जी प्रतिष्ठा मिळाली तीही जोडीनेच मिळविलेली आहे. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांची 'तांबडी चामडी' ही रचना सर्वतोमुखी झाली आणि 'मराठी हाउस' असा शब्दप्रयोग रूढ होऊ लागला. ती व्यावसायिक रचना आहे आणि तिची नोंद राहील. देवळी-वर्धा मार्गावरील त्या दोघांच्या ट्रॅकची राहील काय, हा खरा प्रश्न आहे.

प्रोजेक्ट फाइल : एक ऐतिहासिक साधन

चाहत्यांच्या ट्रॅकचे दोन अवशेष असतात. एक म्हणजे सर्वांना ऐकू येणारी एमपी३ फाइल. दुसरा म्हणजे ज्या फाइलवर काम चालते ती प्रोजेक्ट फाइल. इतिहासाच्या परिभाषेत बोलावयाचे तर पहिली ही छापील प्रत, दुसरी हे हस्तलिखित. प्रोजेक्ट फाइलमध्ये प्रत्येक वाद्याचा थर स्वतंत्र असतो, कोणता तुकडा कोठून आणला त्याच्या नावाची नोंद असते, लय कोठे बदलली ते दिसते. जुन्या आवृत्त्या शिल्लक असतील तर वगळलेले प्रयत्नही दिसतात. वर वर्णिलेल्या ट्रॅकमध्ये सरळ केलेल्या खंजिरीची टाकून दिलेली आवृत्ती अशीच शिल्लक आहे. मोडी कागदपत्रांतील खाडाखोड वाचणाऱ्या अभ्यासकास या साधनाचे मोल निराळे सांगावयास नको.

पण हे साधन कागदाहून कितीतरी नाजूक आहे. प्रोजेक्ट फाइल स्वतः आवाज साठवीत नाही, बहुतांशी ती केवळ आवाजांचे पत्ते साठविते. तुकड्यांची फोल्डर हलली की पत्ता चुकतो. वापरलेले आभासी वाद्य नव्या संगणकावर नसेल तर तो थर मुका होतो. संगणकात विषाणू शिरला की दुकानदार तो फॉरमॅट करून देतो आणि पाच वर्षांचे काम अर्ध्या तासात संपते. अहमदाबादच्या ध्वनिफिती पन्नास वर्षे कपाटात पडून राहिल्या तरी वाजल्या. येथे दहा वर्षांचाही भरवसा नाही.

वर्धा शहरात मगन संग्रहालय आहे. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तेथे चरखे, ग्रामोद्योगांची अवजारे आणि अनाम कारागिरांच्या हातच्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. राजपुरुषांच्या नव्हे तर काम करणाऱ्यांच्या साधनांना संग्रहालयाची जागा देण्याचा तो निर्णय आपल्याच जिल्ह्यात झाला होता. १९२४ मधील एका प्रसिद्ध संभाषणात गांधीजींनी यंत्रांविषयीच्या आपल्या विरोधाला एक अपवाद सांगितला होता, तो शिलाई यंत्राचा, आणि त्याचे कारण असे दिले होते की ते यंत्र शोधकाच्या पत्नीवरील प्रेमातून जन्माला आले. वरातीतील डीजेचा आवाज त्यांना मुळीच रुचला नसता यात शंका नाही. परंतु प्रेमापोटी यंत्र हाती घेणाऱ्याची गणना कोणत्या बाजूस करावयाची, हा प्रश्न वर्ध्यात तरी सहज निकाली काढता येत नाही.

आवाजाच्या उपद्रवाचा मुद्दा येथे टाळता येणार नाही. २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आणि १८ जुलै २००५ रोजीचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकास मनाई केली. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. मिरवणुकीतील संच तिचे सर्रास उल्लंघन करतात आणि त्याचा त्रास वृद्धांना, रुग्णांना व विद्यार्थ्यांना होतो. हा आक्षेप पूर्णतः ग्राह्य आहे. मात्र तो भिंतीएवढ्या कर्ण्यांवरचा आणि त्यांच्या चालकांवरचा आक्षेप आहे. त्या आवाजाला कंटाळलेल्या आम्हा प्राध्यापकांनी त्या रागात रचनेकडेच पाठ फिरविली, असे खेदाने म्हणावे लागते.

जतनाच्या वाटेतील कायदा

महाविद्यालयीन ग्रंथालयाने असे ट्रॅक जमा करून घ्यावयाचे ठरविले तर पहिली अडचण कायद्याची येते. मूळ गीताचे हक्क दुसऱ्याचे असतात. २०१२ च्या दुरुस्तीने जुनी 'व्हर्जन'ची तरतूद वगळून कलम ३१-सी आणले आणि मूळ ध्वनिमुद्रणानंतरची प्रतीक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. तेही व्यापारी आवृत्तीकरिता. मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडाच उचलला असेल तर ही तरतूद लागूच होत नाही.

त्याच दुरुस्तीने ग्रंथालयांसाठी कलम ५२ (१) (न) मध्ये एक सवलत दिली. अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास जतनासाठी कृतीची इलेक्ट्रॉनिक साठवण करता येते, परंतु ग्रंथालयापाशी त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत आधीच असली पाहिजे. पुस्तक, हस्तलिखित, ध्वनिफीत यांना ही अट मानवते. जी कृती जन्मतःच डिजिटल आहे तिची बिगर-डिजिटल प्रत आणावयाची कोठून? कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कपाट होते, संगणक नव्हता. त्यामुळे ज्या साधनाला जतनाची सर्वाधिक निकड आहे, नेमके तेच या सवलतीच्या बाहेर राहिले आहे. यातून आजच्या घडीला निघणारा सुरक्षित मार्ग असा की, पूर्ण ट्रॅक प्रसारित न करता प्रोजेक्ट फाइल, कर्त्यांनी स्वतः निर्माण केलेले थर (उदाहरणार्थ, माळवदावरील खंजिरी), आणि कोणी काय केले याचे साधे लेखी टिपण एवढे तूर्त कर्त्यांच्या संमतीने स्वीकारावे. मूळ गीताचे तुकडे वगळावेत व त्यांच्या जागांची केवळ नोंद ठेवावी.

येथे संमती कुणाची घ्यावयाची हा प्रश्न उरतो. कायद्याच्या कलम २ (झेड) नुसार संयुक्त कृती ती, जिच्यातील एका कर्त्याचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही. खंजिरीचा थर आणि यांत्रिक ठेक्याचा थर फाइलमध्ये स्पष्टपणे निराळे आहेत, म्हणून कुणी म्हणेल की येथे दोन स्वतंत्र कर्ते आहेत. परंतु चढत जाणारी लय ही दोन्ही थरांत आहे, ती एकाने वाजविली आणि दुसऱ्याने संपूर्ण रचनेला लावली, आणि ती कुणाची हे फाइल उघडूनही सांगता येत नाही. वरील दोघा मित्रांनी संमतिपत्राच्या मसुद्यावर आपली नावे एका ओळीत, अकारविल्हे लिहावीत अशी सूचना केली आहे.